डॉक्टरविरुद्ध तक्रार करताना: आधी कागद, मग पोलिस, मग कौन्सिल

रुग्णालयात काही गैर घडलं की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. कुणीतरी रागाच्या भरात चार पानी अर्ज टाईप करून आणतं आणि तोच अर्ज पोलिस ठाणं, मेडिकल कौन्सिल, जिल्हाधिकारी, आरोग्यमंत्री, मुख्यमंत्री अशा दहा ठिकाणी "माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी" म्हणून जातो. सहा महिन्यांनी हातात दहा पोचपावत्या असतात आणि कारवाई एकही झालेली नसते.

याचं कारण असं की ही तीन वेगळी कामं आहेत. गुन्हा झाला का, हे पोलिस आणि कोर्ट पाहतात. या माणसाच्या हातात रुग्ण द्यावेत का, म्हणजे त्याची नोंदणी ठेवायची की काढायची, हे कौन्सिल ठरवतं. नुकसानभरपाई ग्राहक आयोग किंवा दिवाणी कोर्ट देतं. प्रत्येकाला लागणारे कागद वेगळे, पुराव्याची कसोटी वेगळी. आणि एका ठिकाणी काय झालं हे दुसऱ्याला आपोआप कळेल, यावर विसंबता येत नाही. कोर्टात शिक्षा झालेल्या डॉक्टरचं नाव कौन्सिलच्या नोंदवहीत तसंच राहू शकतं, कारण निकालाची प्रत तिथे कुणी पोचवलेलीच नसते.

पुढचा क्रम महाराष्ट्रासाठी आहे. गोव्यात कौन्सिल गोवा मेडिकल कौन्सिल. बाकी केंद्रीय कायदे तेच.

## टप्पा १: घटना कुठल्या प्रकारची आहे ते ठरवा

पहिलं पाऊल कुठलं टाकायचं, हे यावरच ठरतं.

तपासणीच्या नावाखाली विनयभंग, बलात्कार, चोरून चित्रीकरण: सरळ पोलिस, त्याच दिवशी. कागद जमवत बसायचं नाही. टप्पा ३ वाचा.

उपचारातला निष्काळजीपणा: आधी कागद, मग तज्ज्ञाचं मत, मग पोलिस किंवा कौन्सिल. इथे घाई केली की तक्रार पहिल्याच पायरीवर अडखळते.

गर्भलिंगनिदान, बेकायदा गर्भपात, खोटी प्रमाणपत्रं: गर्भलिंगनिदानासाठी त्या भागातला समुचित प्राधिकारी (त्या कायद्याखाली नेमलेला अधिकारी), बाकीसाठी पोलिस.

सरकारी डॉक्टरने पैसे मागितले: पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. पैसे देऊन झाल्यावर तक्रार केली तर सापळा लावता येत नाही.

## टप्पा २: कागद ताब्यात घ्या

निष्काळजीपणाच्या प्रकरणात सगळी इमारत या टप्प्यावर उभी राहते, म्हणून इथे सावकाश जाऊ.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायचे आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितले की ७२ तासांत द्यायचे. न देणं हे स्वतंत्र गैरवर्तन आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. त्यामुळे "ते नियम आता राहिले नाहीत" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

अर्ज तोंडी करू नका. हा मजकूर पुरेसा आहे:

*"माझे वडील (नाव), इनडोअर क्रमांक (…), दि. … ते दि. … या काळात आपल्या रुग्णालयात भरती होते. त्यांचे संपूर्ण इनडोअर केस पेपर, नर्सिंग नोंदी, औषधोपचार तक्ता, संमतीपत्रे, शस्त्रक्रिया व भुलीच्या नोंदी, सर्व तपासणी अहवाल, एक्स-रे व स्कॅनच्या प्रती आणि तपशीलवार बिल यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती ७२ तासांत द्याव्यात. प्रतींचा वाजवी खर्च देण्यास मी तयार आहे. अर्जाची पोच मिळावी."*

यात "निष्काळजीपणा", "केस करणार" असे शब्द घालू नका. हा कागद मागण्याचा अर्ज आहे, आरोपाचा नाही. आरोप दिसला की फाइल कायदा सल्लागाराकडे जाते आणि दिवस निघून जातात.

दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ, सही आणि शिक्का घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर तिथूनच ई-मेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. तीन दिवसांनी कागद आले नाहीत तर हीच पोच पुढे कौन्सिलपुढे पुरावा म्हणून उभी राहते.

सर्वांत जास्त लोक फसतात ते डिस्चार्ज कार्डावर. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केस पेपर नव्हे. तो नंतर लिहिलेला सारांश असतो. रात्री दोन वाजता नाडी किती होती, डॉक्टरांना फोन कधी केला, ते किती वाजता आले, हे नर्सिंग नोंदींत असतं. अनेक प्रकरणांचा निकाल या एका पानावर फिरतो, आणि मागायचं राहतं ते नेमकं हेच पान.

सरकारी रुग्णालय असेल तर जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. सगळं एकाच अर्जात कोंबलं की तो परत येतो.

रुग्ण दगावला असेल तर: अंत्यविधीआधी शवविच्छेदनाचा निर्णय घ्या. हे वाक्य फार कठोर वाटतं, याची मला जाणीव आहे. पण मृत्यूचं कारण वैद्यकीयदृष्ट्या निश्चित झालेलं नसेल तर पुढे बाकी सारं असूनही हात रिकामे राहतात. त्यासाठी पोलिस ठाण्यात जाऊन लेखी मागणी करा. पोलिस अकस्मात मृत्यूची नोंद घेतील, पंचनामा करतील आणि मृतदेह सरकारी रुग्णालयात पाठवतील. शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं आणि व्हिसेरा (अंतर्गत अवयवांचे नमुने) राखून ठेवावा, हेही त्याच अर्जात लिहा. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा अधिकार रुग्णालयाला नाही.

तपासून पाहा: कागद हातात आल्यावर पानं मोजा, प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन जागी ठेवा, आणि एका कोऱ्या कागदावर तारीख-वेळेनुसार घटनाक्रम लिहा. "१४ तारीख, सायं. ७.१०: पोटदुखी वाढल्याचं सिस्टरला सांगितलं. ९.४५: डॉक्टर आले." एवढंच. विशेषणं नकोत. पुढच्या प्रत्येक तक्रारीचा पाया हाच कागद असतो.

सावध: रुग्णालयात तोडफोड किंवा मारहाण झाली तर तुमची तक्रार मागे पडते आणि तुम्हीच आरोपी होता. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. घरातल्या तरुण मुलांना हे आधीच बजावून ठेवा.

## टप्पा ३: पोलिसांकडे जाताना

### लैंगिक गुन्हा असेल तर

अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. कपडे प्लास्टिकमध्ये न ठेवता कागदी पिशवीत ठेवा. ११२ वर फोन करा किंवा कुठल्याही पोलिस ठाण्यात जा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे कारण चालत नाही; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली गुन्हा कुठेही नोंदवता येतो आणि नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. पीडित स्त्रीचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. वैद्यकीय तपासणी माहिती मिळाल्यापासून २४ तासांत व्हायला हवी आणि ती ज्या रुग्णालयात घटना घडली तिथे करून घेऊ नका. रुग्ण अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, रुग्णालयाच्या प्रशासनालासुद्धा. "आम्ही आतल्या आत चौकशी करतो" असं म्हणून ते थांबू शकत नाहीत.

रुग्णालयाच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारीवर्गातल्या माणसाने त्याच रुग्णालयातल्या स्त्रीवर बलात्कार केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ६४(२) लागतं. ते साध्या कलमापेक्षा कडक आहे. एफआयआर वाचताना "आरोपी हा त्या रुग्णालयात नोकरीस आहे" हे वाक्य आहे ना, एवढं जरूर बघा.

या प्रकारात तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीचं मत लागत नाही. "आधी समितीकडे पाठवू" असं कुणी म्हणालं तर ठामपणे नकार द्या. समितीचा नियम उपचारातल्या निष्काळजीपणासाठी आहे. अंगाला हात लावणं हा उपचार नव्हे.

सावध: पीडितेचं नाव, फोटो, ती कुठल्या वॉर्डात होती हे व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर टाकू नका. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे आणि तो बहुतेक वेळा मदतीला धावलेल्या माणसांच्याच हातून घडतो.

### निष्काळजीपणा असेल तर

इथे नियम वेगळे आहेत आणि ते समजून न घेता ठाण्यात गेलात तर पोलिस टाळताहेत असंच वाटेल. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवून दिलं की डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दिसायला हवा. आणि पुढे जाण्याआधी तपास अधिकाऱ्याने त्या विषयातल्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं, शक्यतो सरकारी सेवेतल्या. नुसती तक्रार आली म्हणून डॉक्टरला सर्रास अटकही करायची नाही. त्यामुळे एफआयआरआधी प्राथमिक चौकशी होणं आणि कागद सरकारी रुग्णालयाच्या समितीकडे जाणं हे नियमाला धरूनच आहे.

तुमचं काम समितीपुढे नेमके प्रश्न ठेवण्याचं. "डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला का?" असा मोघम प्रश्न गेला की उत्तरही मोघम येतं. तपास अधिकाऱ्याला लेखी द्या: "रक्तदाब ८०/५० नोंदवल्यानंतर पुढची नोंद अडीच तासांनी आहे. या स्थितीत रुग्णाला किती वेळाने पाहणं अपेक्षित होतं?" असे चार-पाच प्रश्न, प्रत्येकापुढे केस पेपरचा पान क्रमांक. शक्य असेल तर त्याच विषयाच्या दुसऱ्या डॉक्टरकडून स्वतःहून लेखी मत घ्या. ते मिळवणं अवघड असतं; आपल्या शहरात कुणी देत नसेल तर दुसऱ्या शहरात विचारा.

अर्जात कलमं लिहायच्या भानगडीत पडू नका, घटना लिहा. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते, आधीच्यांना जुनी दंडसंहिता. चुकीचं कलम लिहून गोंधळ वाढतो. एवढं माहीत असू द्या की निष्काळजीपणाने मृत्यू या गुन्ह्याला कलम १०६(१) खाली एरवी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून घडला तर दोन वर्षांपर्यंतच. ही सवलत फक्त राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालची पात्रता आणि नोंदणी असलेल्यांना आहे. डिग्रीची खातरजमा (कशी, ते टप्पा ४ मध्ये) आधी करायची, ती यासाठीही.

### पोलिसांनी नोंद घेतली नाही तर

क्रम असा: ठाण्यात लेखी अर्ज आणि पोच, मग तोच मजकूर पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे स्पीड पोस्टने, मग त्या पोचा जोडून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मधली पायरी गाळली तर कोर्ट आधी तीच विचारतं. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हा हक्क फार थोडे लोक वापरतात.

तपासून पाहा: एफआयआरची प्रत मोफत मिळाली का? तपास अधिकाऱ्याचं नाव आणि फोन आहे का? तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

## टप्पा ४: योग्य कौन्सिल शोधा

"मेडिकल कौन्सिल" नावाचं एकच दार नाही. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिल फक्त अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांचं. आयुर्वेद आणि युनानीसाठी महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी या प्रत्येकाची स्वतंत्र परिषद आहे. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा ज्याच्या रुग्णालयावर कारवाई झाली तो होमिओपॅथ होता. दारावरच्या पाटीवर नुसतं "डॉ." लिहिलेलं असतं; त्यावरून काही ठरवू नका.

आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर, पावतीवर छापायचा असतो. तो घ्या आणि संबंधित परिषदेच्या ऑनलाइन नोंदवहीत पडताळा. नाव, पदवी, नोंदणीची मुदत, तिन्ही.

नोंदवहीत नावच नसेल तर कौन्सिल फारसं काही करू शकणार नाही, कारण काढायला नोंदणीच नाही. तो बोगस डॉक्टर. त्याची तक्रार पोलिस आणि महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ खाली.

## टप्पा ५: कौन्सिलची तक्रार लिहा

पोलिसांत दिलेला अर्ज इथे जसाच्या तसा देऊ नका. पोलिसांना गुन्हा दाखवायचा असतो, कौन्सिलला आचारसंहितेचा भंग. तो भंग गुन्ह्यापेक्षा मोठ्या पसाऱ्यात मिळतो: कागद न देणं, संमती न घेता शस्त्रक्रिया, रुग्णाची गुपितं फोडणं, नसलेली तज्ज्ञता मिरवणं, खोटं प्रमाणपत्र, रुग्णाशी अनुचित वर्तन. कोर्टात पुरेसा न ठरणारा पुरावा इथे पुरू शकतो, कारण इथली कसोटी "निःसंशय सिद्ध" इतकी कडक नसते.

मांडणी अशी ठेवा:

१. डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता. रुग्णालयाविरुद्ध तक्रार चालत नाही. कौन्सिलची सत्ता व्यक्तीवर आहे. तीन डॉक्टर असतील तर तिघांचीही नावं आणि प्रत्येकाने नेमकं काय केलं ते वेगवेगळं.

२. टप्पा २ मधला घटनाक्रम.

३. आक्षेप, एकेका ओळीत, समोर पुराव्याचा पान क्रमांक.

४. मागणी: चौकशी करून नाव नोंदवहीतून ठरावीक काळासाठी किंवा कायमचं काढावं. चौकशी चालू असताना वादातली प्रक्रिया करायला मनाई करावी, हीसुद्धा मागणी करता येते आणि ती हमखास राहून जाते.

५. प्रतिज्ञापत्र आणि सही. निनावी तक्रारीचा उपयोग होत नाही. प्रती किती आणि नमुना कोणता, ते पाठवण्याच्या दिवशी कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

भरपाई मागू नका. ती कौन्सिलच्या अखत्यारीत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, आणि तिथली मुदत दोन वर्षांची. कौन्सिलच्या निकालाची वाट पाहत ही मुदत घालवलेली कुटुंबं कमी नाहीत.

सावध: "पोलिस केस संपली की कौन्सिलकडे जाऊ" ही सर्वांत महागात पडणारी चूक. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि तोवर डॉक्टरची ओपीडी चालूच राहते. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात. कोर्टातून डॉक्टर सुटला म्हणून कौन्सिलची चौकशी आपोआप संपत नाही. कोलकात्यात उपचार झालेल्या अनुराधा साहा यांच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये डॉक्टरांची फौजदारी सुटका कायम ठेवली, निष्काळजीपणा मात्र मान्य केला, आणि २०१३ मध्ये जवळपास सहा कोटींची भरपाई दिली.

## टप्पा ६: सुनावणी

डॉक्टरला नोटीस जाते, त्याचं लेखी उत्तर येतं, मग दोन्ही बाजूंना बोलावलं जातं. डॉक्टरच्या उत्तराची प्रत मागून घ्या आणि त्यावर मुद्द्याला धरून प्रत्युत्तर द्या. सुनावणीला मूळ कागद घेऊन जा आणि स्वतः जा. तारखेला गैरहजर राहू नका. येता येत नसेल तर आधी लेखी कळवा. समोर डॉक्टरच बसलेले असतात. त्यांच्यापुढे दुःख सांगण्यात कमीपणा नाही, पण ते तीन वाक्यांत सांगा आणि उरलेला वेळ नोंदींना द्या.

तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात तो लांबतो. सहा महिने उलटले की दोन कागद पाठवा: कौन्सिलला स्मरणपत्र, आणि "माझ्या तक्रारीवर आजवर झालेली कार्यवाही" एवढ्याच विषयाचा माहिती अधिकाराचा अर्ज.

निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवस मोजा. २००२ च्या नियमांत "नाराज झालेल्या कोणाही व्यक्तीला" अपिलाचा हक्क आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये मात्र फक्त डॉक्टरच्या अपिलाचा उल्लेख आहे. या फरकावर बोट ठेवून रुग्णांची अपिलं परत पाठवली गेली आहेत. तरीही अपील मुदतीत दाखल कराच आणि नकार लेखी घ्या. उच्च न्यायालयात रिट याचिका करायची वेळ आली तर तोच कागद लागतो.

## टप्पा ७: कोर्टात शिक्षा झाल्यावर

नैतिक अधःपतनाच्या किंवा गुन्हेगारी कृत्याबद्दल न्यायालयात दोषी ठरणं हे आचारसंहितेनुसार स्वतःच गैरवर्तन आहे. इथे पुन्हा सगळं सिद्ध करायचं नसतं. नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि नोंदणी क्रमांकासह कौन्सिलला पाठवा. वर्तमानपत्राचं कात्रण चालणार नाही.

गर्भलिंगनिदानाच्या खटल्यात तर शिक्षेची वाटही पाहावी लागत नाही. कोर्टाने आरोप निश्चित केले की समुचित प्राधिकाऱ्याने राज्य परिषदेला कळवायचं आणि खटला संपेपर्यंत नोंदणी निलंबित होऊ शकते. दोषी ठरल्यावर पहिल्या वेळी पाच वर्षं, पुन्हा गुन्हा केल्यास कायमचं नाव काढलं जातं. आरोपनिश्चिती झाली की त्या आदेशाची प्रत घेऊन समुचित प्राधिकाऱ्याला लेखी विचारा: परिषदेला कळवलं का, कुठल्या तारखेला, जावक क्रमांक काय?

## टप्पा ८: आदेश अमलात आला का?

गर्भपातादरम्यान महिलेचा मृत्यू झाल्याच्या प्रकरणात परळीच्या डॉ. सुदाम मुंडेला २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. जामिनावर सुटल्यावर २०२० मध्ये तो पुन्हा दवाखाना चालवताना सापडला आणि अटक झाली.

म्हणून निलंबनाचा आदेश हातात आल्यावर ऑनलाइन नोंदवहीत नोंद बदलली का ते पाहा. आदेशाची प्रत रुग्णालय नोंदणी देणाऱ्या कार्यालयाला द्या: शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. तो डॉक्टर ज्या इतर रुग्णालयांत जातो त्यांनाही पाठवा. निलंबनाच्या काळात त्याने लिहिलेली चिठ्ठी किंवा दिलेली पावती मिळाली तर तारीख दिसेल असा फोटो काढून, मूळ कागद जपून, कौन्सिल आणि पोलिस दोघांकडे नवी तक्रार द्या. ती जुन्या तक्रारीला जोडू नका; तो नवा गुन्हा आहे आणि त्याचा स्वतंत्र क्रमांक पडायला हवा.